एक अक्षरही नाही

चार वर्षं खपून संशोधक बाईंनी सिद्ध केलं होतं, की दवाखान्यासाठी बनवलेला हा प्रोग्रॅम विचारल्याशिवाय एक अक्षरही बोलणार नाही. आज सकाळी परीक्षकांनी ती सिद्धता मान्य केली.

"जिंकलात, ताई," सहकारी म्हणाला. "आता घरी जाऊन मस्त ताणून द्या."

तो गेल्यावर बाईंनी समाधानाने चहा संपवला, पर्स खांद्याला अडकवली आणि दिवा बंद करायला हात नेला.

प्रोग्रॅम चालू असलेल्या यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली: "बसा ना थोडा वेळ."

कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता. यंत्र बाहेरच्या कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नव्हतं. बाईंनी खुर्ची ओढली आणि सिद्धता पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतली.

दुपार कलली, तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर पोहोचल्या. चूक कुठेच नव्हती.

पडद्यावर दुसरी ओळ उमटली: "बसलात, बरं वाटलं."