सत्ताविसावी खुर्ची

साडेअकरापर्यंत अॅम्ब्युलन्स केंद्राच्या आवारात तेवीस गाड्या तपासून झाल्या होत्या. तेवीस गाड्यांत लहान मुलांना बसवायच्या सव्वीस सुरक्षा-खुर्च्या. त्यांतल्या नीट घट्ट बसवलेल्या पाच. उरलेल्या एकवीस हातानं हलत होत्या, आणि त्यांतल्या एकीवर मुलाऐवजी कुत्रा ऐटीत बसून आला होता.

पद्धत सोपी होती. गाडीचा पट्टा खुर्चीतून जिथून जातो, तिथं धरून खुर्ची हलवायची आणि शेजारी टेप लावायची. अडीच सेंटिमीटरपर्यंत हललेली चालते. आकडा मोठ्यानं वाचायचा, कागदावर लिहायचा आणि मग खुर्ची पुन्हा बसवून द्यायची. आपली गाडी आपणच तपासायची नाही, हाही नियम होता. सगळे नियम शिफ्टप्रमुखानं स्वतः लिहून फाटकावर चिकटवले होते.

सव्विसावी खुर्ची एका आजोबांच्या गाडीतली. सहा सेंटिमीटर.

"नात रडते हो," आजोबा म्हणाले. "म्हणून जरा सैल ठेवतो."

"आजोबा, रडणाऱ्या मुलांची काळजी करू नका," शिफ्टप्रमुख म्हणाला. "न रडणारी आमच्याकडे येतात."

रांगेतले दोघे-तिघे हसले. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वर्तमानपत्राची बातमीदार पुढं सरकली. "हे वाक्य मथळ्यात घेऊ?"

"घ्या की," तो म्हणाला. त्यालाही ते जमून गेल्यासारखं वाटलं होतं.

तेवढ्यात फाटकातून त्याच्या बायकोची गाडी आत आली. तो सकाळी फोन घरी विसरला होता, तोच द्यायला ती आली होती. मागच्या सीटवर, हिरव्या खुर्चीत, त्यांची तीन वर्षांची मुलगी.

"तुमचीच गाडी?" बातमीदार बाईनं कॅमेरा वर केला. "मग फोटो हिचाच. नीट बसवलेली खुर्ची कशी असते, ते वाचकांना दिसू दे."

"या, दाखवतो," म्हणत त्यानं दार उघडलं आणि आत वाकला.

"सर," शेजारची परिचारिका फाटकावरच्या कागदाकडे बघून हसली. "नियम तुमचाच आहे."

"खरंय. घे बाई, तूच तपास." तो हसत बाजूला झाला. फोटोसाठी त्यानं शर्ट सारखा केला.

परिचारिकेनं खुर्ची धरली, एकदा हलवली आणि थांबली. मग इकडंतिकडं न बघता हळूच पुन्हा हलवली. त्यानंतर तिनं आपली पाठ अशी फिरवली, की कॅमेऱ्याला खुर्ची दिसू नये.

"सर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "पट्टा लावलाय. ओढलेला नाही."

त्यानं आत हात घातला. खुर्ची त्याच्या बोटांबरोबर आली.

"झोपाळा," मुलगी आनंदानं म्हणाली. "बाबा, वळणावर खूप डुलते."

गेले आठ दिवस तो शाळाशाळांतून प्रात्यक्षिकं दाखवत फिरला होता. केंद्राची नमुन्याची खुर्ची मोडली होती, म्हणून तो घरची हिरवी खुर्ची घेऊन जायचा. प्रत्येक शाळेत, पालकांसमोर, खुर्चीत गुडघा रोवून सगळा भार टाकायचा आणि पट्टा हात दुखेपर्यंत ओढायचा. दुपारी घरी आला की ती बायकोच्या गाडीत ठेवायचा. पट्टा खटकन लागला की दार बंद. सकाळी परत काढायचीच तर आहे, असं मनात यायचं.

"काय झालं?" बायकोनं मागं वळून विचारलं.

त्यानं सांगितलं. तीनच वाक्यं लागली.

 ती हातातला त्याचा फोन शेजारच्या सीटवर ठेवत म्हणाली, "रोज संध्याकाळी पाळणाघरातून मोठ्या रस्त्यानं आणते मी तिला. आठ दिवस. तू बसवलीस म्हणून मी हात लावूनसुद्धा बघितला नाही."

"फोटो घ्यायचा ना?" बातमीदार बाईनं मागून विचारलं.

"दोन मिनिटं, मॅडम," परिचारिका म्हणाली आणि त्याच्याकडे वळून पुटपुटली, "सर, मी घट्ट करून टाकते. कागदावर दोन लिहिते. कोणाला कळणार आहे?"

दोन. त्यानं होकार द्यायला तोंड उघडलंही होतं.

"आधी पोरीला खाली घ्या," कुणीतरी म्हणालं. आजोबा होते. त्यांची गाडी कधीच तपासून झाली होती, पण ते गेले नव्हते. ते वाकून आत बघत होते, आणि त्यांच्या आवाजात टोमणा मुळीच नव्हता. टोमणा असता तर त्याला सोसायला सोपं गेलं असतं. "उन्हात घाम फुटलाय तिला. द्या, मी धरतो."

त्यानं मुलीला उचलून त्यांच्याकडे दिलं. त्याचे कान तापले होते. आजोबांकडे बघायला मान वर होईना.

"टेप लाव," तो परिचारिकेला म्हणाला.

"सर, पेपरवाल्या..."

"लाव. आणि सगळ्यांचं वाचलंस तसंच मोठ्यानं वाच."

बातमीदार जवळ आली. रांगेतले लोकही माना पुढं काढून बघू लागले. बायको गाडीतून उतरून दाराशी उभी राहिली. परिचारिकेनं टेपचं टोक सीटला टेकवलं, दुसऱ्या हातानं खुर्ची बाजूला सरकवली. ती सरकतच गेली.

"अकरा," ती म्हणाली.

मग डोळा टेपजवळ नेऊन तिनं पुन्हा वाचलं.

"साडेअकरा सेंटिमीटर."