कड न कापलेलं पुस्तक

किमयेवरची दुर्मिळ पुस्तकं जमवण्यात त्याचा जन्म गेला, पण वाचलं एकही नव्हतं. जुन्या बांधणीत पानं कडेला जोडलेलीच असत. वाचायला सुरीनं कापली, की संग्राहकाच्या लेखी पुस्तक बाद. हुलकावणी देणारं शेवटचं पुस्तक दुपारी हाती आलं, तेव्हा आनंद झालाच नाही. नुसते गुडघे दुखले. अंथरुणाला खिळलेली बायको म्हणाली, “अहो, चाळीस वर्षं पुस्तकांची धूळ पुसली मी. लोखंडाचं सोनं कसं करतात, एकदा वाचून तरी दाखवा.” नाही म्हणायचाही त्याला कंटाळा आला होता. तिच्या उशाजवळची फळांची सुरी घेऊन त्यानं पहिलं पान कापलं. “हे काम एकट्याने करू नये,” त्यानं वाचलं. “भट्टीपाशी दोघे असावेत, एक थकला, की दुसऱ्याने विस्तव राखावा.” डोळे न उघडता ती म्हणाली, “मग मला कधी हाक नाही मारलीत.”