कलमावरची चिठ्ठी

राष्ट्रीय विधी ग्रंथालयातल्या ग्रंथावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटली, की देशभरातली दारं त्याच क्षणी नवा कायदा पाळू लागत. तिथे या चिठ्ठ्या डकवणाऱ्या हेमांगीला सासूबाईंचा फोन आला, तेव्हा तिचे हात डिंकाने माखलेले होते.

"अगं, ओवीला न्यायला आलेय, तर पाळणाघराचं दार म्हणतंय, आधी गळ्यातला पट्टा दाखवा. आता नातीला पट्टा बांधू का मी?"

हेमांगीने समोरचं पान पुन्हा वाचलं. पाळीव कुत्र्यांची चिठ्ठी तिने बालसंगोपनाच्या कलमावर डकवली होती. आणि त्या दारापलीकडे लेक तापाने फणफणलेली.

"आई, जरा थांबा. दाराबाहेरून तिच्याशी बोलत राहा."

ओला कापूस फिरवत तिने चिठ्ठी अलगद सोडवली. चिठ्ठी निघाली, पण खालच्या जुन्या कागदाची एक ओळ तिला चिकटून आली: 'घरच्या माणसाखेरीज कोणाच्याही ताब्यात मूल देऊ नये.'

"उघडलं गं बाई," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण हेमा, माझ्यामागून एक अनोळखी माणूस आत गेला. त्याला दारानं काहीच विचारलं नाही."