बस आली, मुराळी नाही

बस फाट्यावर येऊन उभी राहिली तेव्हा रूपाली ओट्यावर गहू निवडत बसली होती. ही विजेवरची गाडी आवाजच करत नाही. जुनी लाल बस यायची तेव्हा अख्ख्या गावाला खबर लागायची. ही मांजरीच्या पावलांनी येते. पण घर फाट्याला लागूनच, त्यामुळे रूपालीला ती दिसायचीच. साक्रीहून निघून धुळे, अमळनेर करत थेट चोपड्याला जाणारी. पाटीवरचं ‘चोपडा’ ओट्यावरूनही वाचता येत होतं. चोपडा म्हणजे रूपालीचं माहेर.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. गल्लीतल्या साऱ्या सुनांना माहेरी न्यायला त्यांचे मुराळी येऊन गेले होते. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलतभाऊ. सुना गेल्या आणि गल्लीच्या लेकी आल्या. लिंबाला झोके बांधले गेले. झोक्यावरच्या पोरी रूपालीला हटकून विचारत, “वहिनी, तुमना मुराळी नही उना?” आवाज गोड असायचा, पण टोचायचं ते टोचायचंच.

मुराळी येणार नव्हता. तिच्या धाकट्या भावानं, तेजसनं, फोनवर स्वच्छ सांगून टाकलं होतं, “अक्का, तुना घरपुढून डायरेक्ट गाडी शे. एसी शे, बायास्ले अर्धं तिकीट शे. मी कसाले रस्ता झिजाडू? तूच ये ना गाडीमा बठीसन.” त्याचंही चूक नव्हतं. केळीची कापणी चालू, माणूस मिळत नाही. पण पूर्वी हाच तेजस गाड्या बदलत, उन्हानं लालबुंद होऊन यायचा आणि ओट्यावर बसून तांब्याभर पाणी एका दमात संपवायचा. रूपालीला ते आठवलं आणि नव्या गाडीचाच राग आला.

दिवाळीपासून आईचा उजवा हात लुळा पडला होता. रूपालीनं तो फक्त मोबाईलवर पाहिला होता. आई डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवायची आणि हसायची. फोन ठेवल्यावर रूपाली मोरीत जाऊन रडायची. नवरा सुरतेला मिलमध्ये. त्याला विचारलं की एकच उत्तर, “माय म्हणेल तसं कर.”

आणि माय, म्हणजे रूपालीची सासू भागाबाई, दाराशी खाट टाकून बसलेली. तिचं म्हणणं दिवाळीपासून तसूभर हललं नव्हतं.

“मुराळी उना बिगर उंबरा वलांडानं नही. लोके म्हनतीन, पोरले माहेरमा कोनी ईचारत नही.”

रूपालीची पिशवी भरून तयार होती. बस समोर होती. मधे अंगण आणि रस्ता, एवढंच. तिथं पोचायला तिला कुणीतरी यायला हवं होतं, आणि बस होती म्हणूनच कुणी येत नव्हतं. सूप खाली ठेवून ती सासूकडे वळली.

“आत्या, तुमना मुराळी कोन?”

असा प्रश्न या घरात कुणी विचारला नव्हता. भागाबाईनं पदर सारखा केला. मग फाट्याकडे बघत, रूपालीकडे न बघता, ती बोलली.

“मना नथ्थूभाऊ. तो मरी गया. त्याना पोरे फोनवर म्हनतस, फुई, आमना अमळनेरलगून गाडी शे, तूच ये. गाडी शे म्हने! दारमा मानूस नको का?”

रूपालीनं सासूच्या लुगड्याकडे पाहिलं. दर आखाजीला सासू सकाळीच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून दाराशी का बसते, हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. तिला वाटायचं, सुनेवर पहारा ठेवायला.

ती उठली. पायात चपला सरकवल्या आणि अंगण ओलांडून तडक फाट्याकडे चालू लागली.

“रूपाली!” भागाबाई खाटेवरून अर्धी उठली. “माघारी फिर! गाव देखी ऱ्हायनं!”

झोके थांबले होते. खरंच सारं गाव बघत होतं. बसचं दार उघडं होतं, आतला गारवा रूपालीच्या तोंडावर आला. कंडक्टरनं विचारलं, “चोपडा का ताई?” तिला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण ती वळली आणि आली तशी अंगणातून परत गेली. उंबऱ्याच्या आत मात्र तिनं पाय टाकला नाही. परक्या पाहुण्यासारखी बाहेरच उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

“रामराम. भागाबाईले माहेरले लेवाले उनू शे मी.”

भागाबाईनं सुनेला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मागे बसचं दार मिटलं आणि गाडी आवाज न करता निघून गेली. भागाबाई उठून आत गेली. आत भांडी आदळल्याचा आवाज आला. संपलं, रूपालीला वाटलं. आता आखाजीभर हेच तोंड बघायचं. ती उंबऱ्याबाहेरच मटकन खाली बसली.

भागाबाई बाहेर आली ती कपबशी घेऊन. तिनं दंडाला धरून सुनेला उठवलं, आपल्या खाटेवर बसवलं आणि गरम चहाची बशी तिच्या हातात दिली.

“मुराळीले कोरडं कोनी धाडत नही. च्या पे. दुपारनी गाडीमा अमळनेरलगून तू मनी मुराळी, तठून फुडे चोपडालगून मी तुनी.”