मशीनचा आवाज

आई गेल्यावर बाबांचं कसं व्हायचं, या काळजीने मुलाला झोप नव्हती. पण बाबा हाडाचे शिंपी. महिन्याभरात त्यांनी माळ्यावरचं शिलाई मशीन खाली काढायला लावलं आणि त्यांच्या खोलीतून पूर्वीसारखी खडखड ऐकू येऊ लागली. मुलाचा जीव भांड्यात पडला.

बहीण फोनवर विचारायची, "बाबा नीट जेवतात ना रे?"

तो फोन खोलीच्या दाराशी धरायचा. "हे ऐक. मन रमलंय त्यांचं. जेवणाचं काय घेऊन बसलीस?"

एकदा त्याच्याच शर्टाची बाही उसवली. तो बाबांच्या खोलीत गेला. "बाबा, एवढी टीप मारून द्याल? गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर राहू द्या."

मशीनवर बाबांची स्वतःची पँट होती. कंबरेला शिवणीच्या रेघा होत्या, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी.

"गर्दी कुठली? एकच गिऱ्हाईक आहे," मान वर न करता बाबा म्हणाले. "पण फार पिडतं. दर आठवड्याला येतं, कंबर आणखी आत घ्या म्हणून."