भिंगरीची ओ

भिंगरीने ओ दिली नाही. बाबांनी तोच क्रमांक पुन्हा टंकित केला, एकेक आकडा तपासून. संगणकावरच्या लिनक्सच्या काळ्या पटलावर पुन्हा तीच ओळ उमटली: संपर्क होत नाही.

आयुष्यभर त्यांनी एका महाविद्यालयातील संगणकांचे जाळे सांभाळले होते. लेक नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा तिच्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत, म्हणजे भिंगरीपर्यंत, त्यांनी घरातून एक खासगी वाट बांधून घेतली. रोज संध्याकाळी चहानंतर ते त्या खोलीतल्या क्रमांकाला हाक देत. लॅपटॉप ती रोज कामावर सोबत नेई; त्यामुळे उत्तर आले की आईबाबा समजत, पोर सुखरूप परतली आहे. फोन करून तिचे काम मोडण्याचे कारण उरत नसे. रजा मिळत नाही, असे तिने परवाच कळवले होते. आज मात्र सकाळपासून तिचा फोनही बंद होता.

"अहो, लेकीला कुणी आकड्यांनी हाक मारतं का?" आई पाठीशी येऊन उभी राहिली. स्वर ओला होता, तरी टोमणा चुकला नाही. "नावाने बोलवा. मी ठेवलंय ना त्या यंत्राचं नाव?"

"नावाने गेलं की कुणाला तरी पत्ता विचारत जावं लागतं. क्रमांक थेट पोचतो."

"मग पोचला का?"

बाबांनी क्रमांक पुसला. संसारात हा पराभव त्यांच्या अंगवळणी पडला होता. त्यांनी आज्ञाधारकपणे टंकित केले: भिंगरी.

निमिषार्धात ओ आली. एरवी हाक जाऊन उत्तर परतेपर्यंत किंचित अवधी लागे. आज तेवढेही अंतर नव्हते. बाबांनी चष्मा सावरला. नावापुढे वेगळाच क्रमांक उभा होता. यंत्र ज्या जाळ्यात शिरते तिथला क्रमांक धारण करते. नाव तेवढे सोबत नेते. आणि या क्रमांकाचे आरंभीचे आकडे बाबांनी स्वहस्ते नेमले होते, स्वयंपाकघरातल्या फडताळावरच्या राउटरमध्ये. त्या राउटरची सत्ता जेमतेम जिन्यापर्यंत चाले.

"काय झालं? कुठे आहे ती?"

बाबा उठले. अनवाणीच दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली.

पायरीवर, बॅगेला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन लेक बसली होती. तिने मान वर केली नाही. नुसते एक बोट उंचावले.

"बाबा, दोन मिनिटं. ही फाईल गेली की रजा सुरू. एकदा आत आले की आई हे उघडू द्यायची नाही."