बॉनेटवरचे चार मिलिमीटर

"घासू नकोस, दादा. हात जोडते."

मामानं पॉलिश पेपर पाण्यात बुडवला होता. तो तसाच हातात राहिला, थेंब टपकत.

टेबलावर लाल मसल कार उभी होती. वीतभर लांब, प्लास्टिकच्या किटमधून जोडलेली, पण दारावरचा ओरखडासुद्धा खऱ्या गाडीच्या ओरखड्याच्याच जागी. फक्त बॉनेटवरचा स्कूप बसवायचा राहिला होता. इंजिनाला हवा मिळावी म्हणून असल्या गाड्यांच्या बॉनेटवर जे नाकाड असतं ना, ते.

"हा चार मिलिमीटर जास्त उंच आहे," मामा म्हणाला. "कंपनीचा साचाच चुकलाय. हे किट जोडणारा कुणीही आधी स्कूप घासतो. मग बाकीचं."

"चार मिलिमीटर! मुंगी तेवढी असते," त्याची बहीण म्हणाली.

"खऱ्या गाडीवर चार इंच होतात, बाई."

खुर्चीत रेललेला वकील हसला. "मामा, आपण कुठं काय वाढवतोय? खोक्यातून आलं तसं लावायचं. खऱ्या गाडीचं नाक खांबावर चेपलंय. मोजायला काय उरलंय तिथं?" तो मामाला मामा म्हणत होता, जसा काही आपणच त्याच्या बहिणीचा मुलगा.

खरा भाचा आतल्या खोलीत होता. पाय प्लास्टरमध्ये. गाडी तोच चालवत होता.

गाडीसमोर पुठ्ठ्याचा रस्ता, रस्त्यावर पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांवर बोटाएवढी नर्स. पेट्रोल पंपाच्या सेटमधली बाहुली पांढरी रंगवून मामानं तिची नर्स केली होती. दोन्ही हात खाली, नजर समोर. खरी नर्स ड्यूटी संपवून घरी निघाली होती. गाडीनं तिला उडवलं, ती जागच्या जागी गेली.

वकील उठला. स्कूप बॉनेटवर नुसता टेकवला, आणि मागची काच अजून बसवली नव्हती तिथून आत डोळा लावला. स्टिअरिंग, बॉनेट, स्कूप. नर्स गायब.

"झालं! आपला मुलगा म्हणतोय तेच. ती त्याला दिसलीच नाही."

"घासला की कमरेपासून वर दिसते," मामा म्हणाला. "मी मोजलंय."

"म्हणून तर घासायचा नाही."

बहिणीनं मामाचं मनगट धरलं. "आत जाईल रे तो. तुझ्या मांडीवर बसून चाकं चिकटवायला शिकलाय, दादा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी एक शब्द बोलले नसते."

मामानं मनगट सोडवून घेतलं. मग त्यानं पॉलिश पेपर खाली ठेवला. ग्लूची बाटली उघडली, स्कूपच्या कडेनं ब्रश फिरवला आणि स्कूप जागेवर दाबला. उंचच्या उंच. कुणाकडंही न बघता म्हणाला, "बोलवा त्याला."

सहा फुटांचा छोट्या कुबड्या आपटत आला. वय वीस, तरी घरात अजून छोट्याच.

"बस. बघ इथून," वकील म्हणाला. "कोर्टात हे दाखवू तेव्हा गांगरायचं नाही. काय दिसतं?"

छोट्यानं वाकून डोळा लावला. "काही नाही."

"आणि त्या दिवशी?"

"काहीच दिसलं नाही." एकदम पाठ. शाळेतली कविता म्हटल्यासारखं.

त्याच्या आईनं पदर तोंडावरून फिरवला. तिला वाटलं, संपलं एकदाचं.

पण छोट्या उठला नाही. मामानं गाडी पुरी केली की छोट्यानं चूक शोधायची, आणि सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा दोघांचा जुना खेळ होता. नजरेला सवयच लागली होती. ती स्कूपवर थांबली. मामानं मान खाली घातली. नजर पुढं गेली, पट्ट्यांवर.

"मामा, हात चुकलाय."

"कुणाचा?"

"हिचा."

"मरू दे रे," आई म्हणाली. "हात कोण बघतंय!"

त्यानं ऐकलंच नाही. नर्सला उचललं, मामाचं ब्लेड घेतलं आणि उजवा हात खांद्यातून कापला. ग्लूचा थेंब लावला. हात उलटा फिरवून वर बसवला, डोक्यापेक्षा उंच, तळवा गाडीकडं. मग तिला परत पट्ट्यांवर उभी केली. हात सुटू नये म्हणून दोन बोटांत धरून राहिला.

"असा होता," तो म्हणाला. म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

वकील फाइल घेऊन परत खुर्चीत टेकला.

"कुणीतरी सांगितलं असेल," आई घाईघाईनं म्हणाली. "हो ना रे? पोलिसांनी सांगितलं ना? नाहीतर तिथं कुणी उभं असेल, त्यानं..."

"तिथं कुणी नव्हतं, आई."

"मग पेपरात आलं असेल!"

वकिलानं फाइल गुडघ्यावरून उचलली, परत गुडघ्यावरच ठेवली. बोटभर बाई हात वर करून गाडीसमोर उभी होती आणि छोट्याची दोन बोटं अजून तिच्या हातावर होती.

"मामा, ग्लू धरत नाहीये."

"धरेल. सोडू नको." मामानं आपला डावा हात त्याच्या हाताखाली टेकवला. "आता सोडायचं नाही."

उजव्या हातानं त्यानं टेबलावरचं ब्लेड उचललं आणि टोक स्कूपच्या खाली सरकवलं. ग्लू अजून ओला होता.